दहा थेंब उसने : शाईपेनवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात ओघाओघात मी लिहून गेले की माझ्याकडे ३४ शाईपेनं आहेत आणि रोज वापरात असतात ती त्यातली सगळ्यात बुटकी ४. झालं. तेव्हापासून ज्याला त्याला बुटक्या पेनांचंच पडलंय. कुणाचं भरत नाही, कुणाचं भरलं की गळतं, कुणाचं दोन दिवसात संपतं. मी काही पेनांची डॉक्टर नाही हो, बँकेत ३० वर्षं खाती लिहिली आणि बोटं निळी करून घेतली, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण सगळी पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली ती आधीच सांगून टाकते, आपण पेन घेताना निब बघतो, रंग बघतो, क्लिप बघतो, आणि ह्यात शाई शिरणार कुठून आणि मावणार किती हे मात्र घरी आल्यावर बघतो. छोट्या पेनांची सगळी मेख तिथेच आहे.

ताई, वाढदिवसाला बायकोने कावेको स्पोर्ट नावाचं बुटकं शाईपेन दिलं. झकास दिसतं, टोपण लावलं की शर्टाच्या खिशात पार बुडून जातं. बरोबर आलेली कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली तयार नळकांडी, आठवड्यात संपली. आमच्या स्टेशनरीवाल्याकडे शाईची कार्ट्रिज मागितली तर त्याने प्रिंटरची काढून दाखवली. आता काय करू? (सातारा)

प्रिंटरची! घेतली नाहीत ते बरं केलंत. तुमच्या पेनाला जी लागते तिला छोटी इंटरनॅशनल कार्ट्रिज म्हणतात, करंगळीपेक्षा लहान असते, आणि तिच्यात साधारण ०.७५ मिली शाई मावते, म्हणजे आपल्या पोह्याच्या चमच्यातसुद्धा ती दिसणार नाही. पायलट, पार्कर, लॅमी ह्यांच्या कार्ट्रिजची तोंडं वेगळी, त्या ह्यात घालायला जाऊ नका, बसल्यासारखं वाटतं आणि मग शाई आतल्या आत पाझरते. पण मुळात नवीन शोधायचीच कशाला, रिकामी झालेली फेकली नाहीत ना? तीच भरायची. मी एकेक कार्ट्रिज पुन्हा पुन्हा भरून वापरते.

मेडिकलमधून २ मिलीची सिरिंज सुईसकट आणा. तो विचारेल कशाला हवी, सांगा शाई भरायला, त्याचा विश्वास बसणार नाही पण देईल. घरी आलात की पहिलं काम सुईचं टोक कानशीवर नाहीतर नेलकटरच्या खरखरीत बाजूवर घासून बोथट करायचं, हे टाळू नका, मला दोनदा टोचलीय आणि दोन्ही वेळेस चूक घाईची होती. मग कार्ट्रिज हळूच ओढून काढा, वळवून नाही, सरळ ओढा. सिरिंजने तिच्यात साधं पाणी सोडा, हलवा, ओतून टाका, असं तीनचारदा, पाणी फिकट निळं येईपर्यंत. त्यात काहीतरी खुळखुळत असेल तर घाबरू नका, बऱ्याच कार्ट्रिजच्या तोंडाला बुचासारखी बारकी गोळी असते आणि पहिल्यांदा पेनात दाबताना ती आत पडते, राहू द्या तिला, उलट ती शाई हलती ठेवते.

आता खरं काम. सुई कार्ट्रिजच्या अगदी तळाला टेकवा आणि तळापासून शाई सोडत सोडत सुई वर आणा, दूध फुलपात्रात ओतताना फेस होऊ नये म्हणून आपण कडेने ओततो ना तसंच, वरून सोडली की मधे बुडबुडा अडकतो आणि अर्धी भरूनच तोंडातून उतू येते. काठोकाठ नको, दोनतीन मिलिमीटर सोडा. मग कार्ट्रिज उभी धरून वरून पेन तिच्यावर दाबा, टक असा बारीक आवाज येतो, तो आला की बसली. टोक खाली करून पेन पाच-दहा मिनिटं ग्लासात उभं ठेवा आणि चहा पिऊन या. लगेच उठत नाही म्हणून झटकू नका, भिंतीवर नक्षी होते.

आणि हो, हे सगळं वर्तमानपत्रावर करायचं. सातआठदा भरून झाली की कार्ट्रिजचं तोंड सैल पडतं, बोटाला ओल लागायला लागली की समजायचं आता हिला निरोप द्यावा, म्हणून कुणी पुण्यामुंबईला जात असेल तर एक डबी मागवून ठेवा, ५-६ मिळतात, तुम्हाला कितीतरी दिवस पुरतील.

ह्या पेनाला छोटा कन्व्हर्टर पण मिळतो, म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारी, दौतीतून शाई ओढायची बारकी पिचकारी. पण त्यात जेमतेम अर्धा मिली मावते, आणि निबेतून ओढायला गेलं की पहिल्या दमात तेवढीही येत नाही, हवा आणि शाई अर्धी अर्धी येते, मग ती परत दौतीत सोडून पुन्हा ओढा, असं दोनतीनदा. त्यापेक्षा तुमची सिरिंज बरी.

मावशी, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, दिवसाला २०-२५ पानं लिहून होतात. माझं छोटं पेन दोन दिवसांतून एकदा तरी लायब्ररीत बसल्या बसल्या संपतं. एक मैत्रीण म्हणाली कार्ट्रिज काढून टाक आणि सरळ पेनाच्या नळीतच शाई भर. असं चालतं का? (लातूर)

चालतं म्हणजे काय, आपण सगळे तसंच वाढलो ना! नळीत ड्रॉपरने शाई सोडायची आणि आटे घट्ट फिरवायचे, कार्ट्रिज वगैरे नंतरची थेरं. आमच्या वर्गात कुणाची शाई संपली की शेजारणीकडून उसनी घ्यायची पद्धत होती. ती तिचं पेन उघडायची, नळीवरचा पुढचा भाग बाजूला करायचा, आणि माझ्या उघड्या नळीवर तिची नळी तिरकी करून मोजायची, एक, दोन, तीन, दहा थेंब. मोजून. दुसऱ्या दिवशी दहाच परत, नऊ दिले तर भांडण. बाकावर सांडली तर खडू आडवा फिरवायचा, खडू सगळं पिऊन टाकतो, आणि तो निळा झालेला खडू मग गुपचूप फळ्याखाली नेऊन ठेवायचा म्हणजे बाई लिहायला गेल्या की फळ्यावर निळं उमटायचं.

असो. तुझ्या पेनाचं तीन गोष्टी बघून ठरव. पहिली, नळी धातूची असेल तर अजिबात नको, शाई धातू खाते आणि धातू शाई नासवतो, कावेकोचंही प्लॅस्टिकचं स्पोर्ट चालतं पण त्याचं ॲल्युमिनियमचं भावंड नाही चालत. दुसरी, नळीला कुठे भोक नको. हसू नकोस, लॅमी सफारीच्या नळीला शाई दिसावी म्हणून सरळ खिडक्या कापलेल्या असतात आणि त्यात शाई ओतणारा एक माणूस मी स्वतः बघितलाय. काहींना मागच्या टोकाला टाचणीएवढं भोक असतं, उजेडात धरून बघ, नाहीतर आधी पाणी भरून रात्रभर कागदावर उभं ठेव. तिसरी, आटे लांब हवेत. दोन वेढ्यांत उघडणारं पेन ह्या कामाचं नाही.

तिन्ही जमलं तर आट्यांना सिलिकॉन ग्रीस लाव, अगदी तांदळाच्या दाण्याएवढं, बोटाने गोल फिरवून. शुद्ध सिलिकॉनचंच. एक बारीक रबरी ओ-रिंग घातलीस तर आणखी छान. प्लॅटिनम कंपनीचं प्रेपी नावाचं स्वस्तातलं जपानी पेन आहे, ते तर ह्या प्रयोगासाठीच जन्माला आल्यासारखं आहे, आणि त्याचं टोपण आतून असं बंद होतं की महिनोन्‌महिने पडून राहिलं तरी शाई सुकत नाही, तुमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याचं मोल कळेल.

पण एक लक्षात ठेव, नळीत दोन-अडीच मिली शाई असताना मजा असते, खरी गंमत ती पाव-तृतीयांश उरली की सुरू होते. ते पुढच्या उत्तरात सांगते, कारण पुढच्या गृहस्थांचा शर्ट त्याच्यातच गेलाय.

काकू, दर शुक्रवारी संध्याकाळी डेक्कन क्वीनने पुण्याला जातो. खिशात एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं शाईपेन, ड्रॉपरने भरायचं. कर्जतपर्यंत ठीक, लोणावळ्याला खिसा निळा. आतापर्यंत तीन शर्ट. बायको म्हणते घाटातलं भूत आहे. (डोंबिवली)

भूत नाही, हवा आहे. लोणावळा समुद्रापासून साधारण ६०० मीटर वर, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सातेक टक्के कमी. तुमच्या पेनात समजा २ मिली जागा रिकामी आहे, म्हणजे २ मिली हवा आहे, ती घाट चढता चढता तेवढीच फुगणार, म्हणजे ०.१४ मिली, म्हणजे जवळजवळ तीन थेंब, आणि फुगलेल्या हवेला बाहेर पडायला वाट एकच, शाईला पुढे ढकलत निबेतून. निबेखाली जी ती काळी चिरा चिरा पाडलेली जीभ असते, फीड म्हणतात तिला, त्या चिरा शोभेच्या नसतात, अशी जास्तीची शाई धरून ठेवायलाच केलेल्या असतात, पण त्यांचीही काही मर्यादा आहे ना. त्यात पेन खिशात छातीशी चिकटलेलं. हवा दहा अंशांनी तापली तरी तीन-साडेतीन टक्के फुगते. दोन्ही मिळून तुमचा शर्ट.

उपाय तीन आहेत, कुठलाही एक करा. स्टेशनवर निघण्याआधी पेन गच्च भरा, हवाच नसेल तर फुगेल काय? किंवा पूर्ण रिकामं करून न्या. किंवा टोक वर करून सरळ उभं ठेवा, म्हणजे जी बाहेर पडेल ती नुसती हवा पडेल, आणि बॅगेत आडवं टाकू नका. विमानालाही हेच लागू.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, नोकरीला लागून तीनचार वर्षं झाली असतील, मे महिना, पंखा बंद, माझं लाडकं पेन पाव भरलेलं, आणि काउंटरवर एक आजोबा मुदत ठेवीची पावती घ्यायला उभे. मी हातात पेन धरून त्यांच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या, त्यांच्या नातीच्या लग्नाच्या, पेन मस्त गरम झालं, आणि सहीला टेकवलं तर सहीच्या जागी एक टपोरा थेंब. आजोबा म्हणाले, "पोरी, एवढी मोठी सही साहेबांची पण नसते." दुसरी पावती करावी लागली. तेव्हापासून मोठं पेन पाव भरलेलं मी कधी ठेवत नाही.

आणि आता बुटक्या पेनांची बाजू घेते, कारण त्यांना सगळे नावं ठेवतात. छोट्या कार्ट्रिजमध्ये हवाच मुळात पाऊण मिलीच्या आत, ती फुगून फुगून किती फुगणार, एक थेंबसुद्धा धड नाही, तो फीड आरामात धरून ठेवतो. घाटात माझं बुटकं पेन एकदाही गळलेलं नाही. थोडं मावतं हा त्याचा दोष नाहीये, तो गुण आहे. शुक्रवारी बुटकं न्या.

मागच्या अंकात तुम्ही आट्यांना व्हॅसलीन लावलं तरी चालेल असं लिहिलंत. माझ्या पेनाची रबरी रिंग महिन्याभरात फुगून ढिली झाली. (नाशिक)

तुमचं बरोबर, माझं चुकलं. व्हॅसलीन पेट्रोलियमपासून करतात आणि ते रबराला मानवत नाही. एबोनाइटच्या आट्यांवर मी वर्षानुवर्षं लावत आले, तिथे काही झालं नाही म्हणून बिनधास्त लिहून टाकलं, रबरी रिंग डोक्यातच आली नाही. पुसून काढा, नवी रिंग घाला, सिलिकॉन ग्रीस लावा.

बाबांच्या कपाटात पार्कर ५१ मिळालं, त्यांना आखातातून काकांनी आणलेलं. शाई ओढतच नाही. पुढचा भाग उघडून बघू का, निब पण आतच दडलेली आहे, अर्धी दिसते. (कोल्हापूर)

उघडू नका!! हात जोडते. निब दडलेली आहे तेच तर त्या पेनाचं रूप. १९४१ मध्ये बाजारात आलं ते, आणि ५१ हा आकडा कंपनीच्या वयाचा, १८८८ ची कंपनी, १९३९ साली ५१ वर्षांची झाली. निब झाकलेली म्हणून हवेत सुकत नाही, आणि त्या झाकणाच्या आत शाई धरून ठेवणारा बारीक चकत्याचकत्यांचा एक भाग असतो, घरी खटपट करून तो मोडला की संपलं.

मागची नळी फक्त फिरवून काढा. आत चकचकीत धातूची नळी आणि तिच्यावर एक दाबायची पट्टी दिसली तर तुमचं नशीब चांगलं, ती १९४८ नंतरची पद्धत, तिच्या आतली पारदर्शक पिशवी रबराची नाही, प्लॅस्टिकची आहे आणि पन्नास-साठ वर्षं सहज टिकते. म्हणजे बिघाड नाही, नुसती शाई वाळलीय. पेल्यात कोमट पाणी घ्या, कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं नव्हे त्याहून कमी, टोक बुडवून पट्टी दाबा सोडा दाबा सोडा, पहिल्यांदा काहीच होणार नाही. रात्रभर टोक पाण्यात ठेवा. सकाळी पाणी निळं झालेलं दिसेल आणि तुम्हाला बाबांची शाई दिसेल, त्यांनी शेवटची भरलेली, तिथे जरा थांबलात तरी चालेल. मग पाणी बदला, पुन्हा दाबा. माझ्या एका पेनाला असे ५ दिवस लागले. पाणी जोरात आत ओढायला लागलं की वाळवा आणि भरा, भरताना पट्टी चारपाच वेळा दाबायची आणि प्रत्येक वेळेस सोडल्यावर दोन सेकंद थांबायचं, बाकी काही नाही.

धातूची नळी न दिसता पेनाच्या शेपटीला छोटं वेगळं टोपण आणि त्याखाली दाबायचा दट्ट्या निघाला तर ते जुनं मॉडेल, त्याच्या आत रबरी पडदा असतो आणि तो आतापर्यंत कुजलेला असणार. ते काम जाणकाराचं. पाण्यात ठेवत बसू नका.

शाई साधी निळी घाला. चमचम असणारी, सोन्याचा वर्ख टाकलेली वगैरे नको.

माझा मुलगा सहावीत आहे, आजोबांच्या ड्रॉवरमध्ये त्याला ३ जुनी शाईपेनं मिळाली आणि आता त्याला "कलेक्शन" करायचंय. कुठून सुरुवात करावी, फार खर्च न करता? (चिपळूण)

सुरुवात तर झाली की, ३ पेनं झाली. आणि आजोबांची आहेत ती, त्याच्याहून चांगली सुरुवात पैसे देऊनही मिळत नाही. आजोबा असतील तर त्यांना विचारून प्रत्येक पेनाची गोष्ट एका वहीत लिहायला सांगा, कुठून घेतलं, कितीला, कुणाला पत्रं लिहिली. आणि ती वही त्याच पेनाने लिहायची.

नवीन घ्यायचं तर एक चिनी हिरो घ्या, तेच सोनेरी टोपणाचं, ज्याची पिशवी बोटांनी दाबून भरतात, आपल्यातल्या अर्ध्या लोकांची दहावी त्याच्यावर झालीय. आणि एक आपल्याकडचं एबोनाइटचं ड्रॉपरवालं. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक एकत्र तापवून केलेला कडक पदार्थ, नवीन पेन नाकाशी धरलं की दिवाळीतल्या फटाक्यासारखा हलका वास येतो, मुलाला तो नक्की आवडेल. उन्हात ठेवू नका आणि गरम पाण्यात बुडवू नका, काळं एबोनाइट मग मातकट हिरवं पडतं. अशी पेनं अजून हाताने लेथवर कातली जातात, आंध्रात राजमहेंद्रीला, तामिळनाडूत तिरुवल्लूरला. राजमहेंद्रीचं रत्नम तर १९३२ पासूनचं, गांधीजींना स्वदेशी पेन हवं होतं म्हणून रत्नमवाल्यांनी ते बनवून धाडलं, आणि १९३५ मध्ये गांधीजींनी आभाराचं पत्र पाठवलं ते आपल्या वर्ध्याहून. हे मुलाला सांगा, इतिहासाच्या पेपरात उपयोग नाही पण सांगा.

शाईसाठी लांब जायला नको, कॅम्लिनची ६० मिलीची दौत कुठल्याही बऱ्या स्टेशनरीत मिळते. ही पण घरचीच गोष्ट, १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला घेतल्या, घोडा छाप, आणि त्यातनं पुढे कॅमल आणि कॅम्लिन. आमच्या आजीकडे त्या गोळ्या पाण्यात विरघळवून दौत भरायचे, पाणी जास्त झालं की आठवडाभर सगळ्यांचं अक्षर फिकट. कधी वेगळा रंग हवा झाला तर कोलकात्याची सुलेखा आहे, १९३४ सालची, मधे बरीच वर्षं बंद होती आणि परत सुरू झालीय.

पुण्याला आलात तर रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा. घाई नको. जुनं पेन हातात घेतलं की टोपणाच्या काठाला उजेडात धरून चीर आहे का बघायचं, निबेची दोन टोकं एकसारखी आहेत का बघायची, आणि मग विचारायचं हे भरतं कसं. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर भाव निम्मा करून मागा, मी तसंच करते.

आणि किती जमवायची? मला विचाराल तर जेवढी आलटून पालटून वर्षातनं एकदा तरी भरली जातील तेवढीच. ३४ मधली माझी ९ अशी आहेत जी मी भरत नाही, आणि त्यांच्याकडे बघितलं की मला उगीच ओशाळल्यासारखं होतं.

मुलीच्या ड्रॉइंगच्या सामानातली काळी वॉटरप्रूफ शाई पेनात भरली. आता काहीच उठत नाही. (जळगाव)

अरे देवा. ती चित्र काढायच्या टाकासाठी आणि ब्रशसाठी असते, तिच्यात काजळी आणि लाखेसारखं काहीतरी घालतात म्हणूनच ती वॉटरप्रूफ होते, आणि पेनात वाळली की डांबर. किती दिवस झाले ते लिहिलं नाहीत. कालचीच गोष्ट असेल तर आत्ताच्या आत्ता निब काढता येत असेल तर काढा, पाण्यात डिश धुवायच्या साबणाचा एक थेंब टाकून बुडवा, जुन्या मऊ टूथब्रशने फीडच्या चिरा घासा. महिना झाला असेल तर नवीन पेन घ्या. दौतीवर फाउंटन पेनसाठी असं लिहिलेलं असेल तीच शाई भरायची, बास.

चेकवर शाईपेनाने सही केली तर चालते का? (औरंगाबादहून, आता छत्रपती संभाजीनगर)

चालते, पण परमनंट शाई हवी. ती सुंदर रॉयल ब्लू असते ना, धुतली की जाणारी, ती शाळेच्या युनिफॉर्मसाठी वरदान आहे आणि चेकवर धोका. आधी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहा, वाळू द्या, ओलं बोट फिरवा. बोटाबरोबर तुमची सही निघून आली तर ती शाई पत्रांसाठी ठेवा.

एक विचारू का, रागावू नका. १० रुपयांचं बॉलपेन मिळत असताना सिरिंज, ग्रीस, कानस, वर्तमानपत्र, हे सगळं कशासाठी? (ठाणे)

रागावत नाही, माझे यजमान हेच विचारतात, आणि तेही ठाण्याचेच, त्यामुळे पत्र घरातूनच आलंय की काय अशी मला दाट शंका आहे. मला भरायला आवडतं हो. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असतात, मी ओट्यावर पेपर पसरते, चार बुटकी पेनं ओळीने ठेवते, धुते, आणि ह्या आठवड्यात कुठल्यात कुठला रंग ते ठरवते. मोठं पेन एकदा भरलं की महिनाभर तोच निळा. बुटकं आठवड्यात रिकामं होतं, की लगेच दुसरा रंग. गेल्या आठवड्यात मोरपंखी होता, किराणाची यादी इतकी छान दिसत होती की दुकानदाराने विचारलं ही ठेवून घेऊ का.

मेलबर्नहून लिहितेय. डिसेंबरात येणार आहे, जाताना कॅम्लिनच्या दौती आणि छोटी पेनं न्यायची आहेत, इथल्या ग्रुपमधल्या तिघींनी मागितलीत. विमानात चालतात का?

दौत ६० मिलीची, हातातल्या बॅगेत द्रव पदार्थाला १०० मिलीची मर्यादा असते, त्यामुळे नियमात बसते. पण मी तरी सामानाच्या बॅगेतच टाकेन, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून झाकण घट्ट करा, वर चिकटपट्टी, मग झिप लावायची पिशवी, मग आणखी एक पिशवी, मग जुना टॉवेल, आणि तो टॉवेल पांढरा नको. पेनं कोरीच न्या. नवीन पेन कुणी भेट दिलं की त्यात पहिली शाई घ्यायची गंमत घेणाऱ्याची असते, ती तुम्ही का घेताय. तिघींसाठी मेडिकलमधून तीन सिरिंजही घ्या, सुया मात्र इथेच काढून ठेवा, नाहीतर सिक्युरिटीवाल्याला तुम्ही सांगत बसाल शाई भरायला, आणि तो पण विश्वास ठेवणार नाही.